गॅस गेला कुठे?

गेल्या उन्हाळ्यात लेकीकडे डॅलसला होतो. तिथला जुलै म्हणजे आपल्या विदर्भातला मे. पारा चाळिशीला टेकतो, आणि साधी कोथिंबीर आणायची तरी गाडी काढावी लागते. अशा दिवसांत जावईबापूंच्या बारा वर्षांच्या गाडीचा एसी गार हवा देईनासा झाला. नातू पाळणाघरातून घरी यायचा तो तोंड लालबुंद करून.

शनिवारी सकाळी जावईबापू मोटारीच्या सामानाच्या दुकानातून गॅसचा डबा घेऊन आले. साधारण 340 ग्रॅमचा, सोबत नळी आणि दाबाचं घड्याळ. अमेरिकेत असे डबे घरी नेऊन गॅस भरणारे पुष्कळ आहेत.

"बाबा, वीस मिनिटांचं काम. दरवर्षी मीच करतो," ते म्हणाले.

त्यांची पद्धत चोख होती. डोळ्यांवर चष्मा, हातांत मोजे. कारण हा द्रव उण्या 26 अंशांना उकळतो, कातडीवर उडाला तर ती गोठवतो. बॉनेटखालच्या चिठ्ठीवर गॅसची जात पाहिली : आर-134ए. इंजिन चालू, एसी पूर्ण गार, पंखा जोरात. नळी कमी दाबाच्या तोंडावर बसवली. जास्त दाबाच्या तोंडाचा आकारच वेगळा ठेवलेला असतो, कारण तिथे चुकून डबा जोडला तर तो फुटू शकतो. काटा खाली होता. कॉम्प्रेसर टक् टक् करत सारखा चालू-बंद होत होता. गॅस कमी होता, यात शंका नव्हती.

पण मी अडकलो होतो त्या 'दरवर्षी' या शब्दापाशी.

"अहो, मागच्या वर्षी भरलेला गॅस गेला कुठे?"

एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, पुढच्या जाळीत तो उष्णता टाकून द्रव होतो, डॅशबोर्डमागे उकळून गाडीतली उष्णता उचलतो आणि पुन्हा कॉम्प्रेसरकडे येतो. खातं बंद आहे. खर्च असा नाहीच. रबरी नळ्यांतून वर्षाकाठी थोडे ग्रॅम झिरपतात, ते सोडून द्या. पण वर्षाला अख्खा डबा संपत असेल, तर कुठेतरी गळती आहे.

मला आमची सातारा जिल्ह्यातली शाखा आठवली. 1986 साल, अर्धवार्षिक क्लोजिंग, आणि लेजरमध्ये 27 रुपयांचा फरक. रात्रीचे दहा वाजलेले. मी म्हटलं, सस्पेन्स खात्याला टाकू, उद्या बघू. आमचे वयस्कर अकाउंटंट म्हणाले, "सस्पेन्सला टाकलेला फरक मिटत नाही, नुसता झोपतो." फरकाला नवाने भाग जातोय म्हणजे आकडे उलटे पडलेत, हेही त्यांनीच शिकवलं. तासाभरात सापडलं : 63 चे 36 झाले होते.

दरवर्षीचा डबा म्हणजे हे सस्पेन्स खातं. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही बाहेर जातं, आणि एक दिवस कॉम्प्रेसरच जाम होतो. घड्याळ दाब सांगतं, वजन सांगत नाही; दाब तर हवामानाप्रमाणे बदलतो. अंदाजाने जास्त भरलं तर गारवा उलट कमी होतो. शिवाय आर-134ए ओझोनला अपाय करत नसला, म्हणून जुन्या आर-12च्या जागी आला असला, तरी पृथ्वी तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून भारी आहे. एक डबा हवेत सुटला तर साडेचारशे किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखंच.

जावयाला शिकवणारा सासरा कोणाला आवडतो? ते काही बोलले नाहीत. पण डबा न उघडता खाली ठेवला आणि टॉर्च आणला. गळतीच्या जागी तेल झिरपतं, त्यावर धूळ बसते. पुढच्या जाळीला नळी मिळते तिथे काळसर, चिकट डाग दिसला. "गळती बुजवणारं औषध घातलेला डबाही मिळतो," ते म्हणाले. पण ते औषध नको तिथे घट्ट होतं, आणि मग कारागीरही गाडीला हात लावायला कुरकुरतो.

सोमवारी गाडी कारागिराकडे गेली. उरलेला गॅस त्याने यंत्राने काढून घेतला. तो मुद्दाम हवेत सोडणं तिथे कायद्याने गुन्हा आहे. रबराची कडी बदलली, पंपाने नळ्यांतली हवा आणि ओल ओढून काढली, आणि चिठ्ठीवर लिहिल्याइतका गॅस वजन करून भरला. बिल डब्याच्या कितीतरी पट झालं. मी पाकीट काढलं. जावईबापूंनी मला देऊ दिलं नाही.

आपल्याकडे गॅस बहुधा गॅरेजवालाच भरतो, पण दर एप्रिलला 'गॅस भरून टाका' म्हणणारे आपणही तेच करतो. पैसे देण्याआधी एवढंच विचारावं : गळती पाहिली का? पंप लावला का? किती ग्रॅम भरला?

त्या रात्री जेवणं झाल्यावर जावईबापू एक वही घेऊन माझ्याशेजारी बसले. मार्चमध्ये त्यांची नोकरी गेली होती. आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. दर महिन्याला एका क्रेडिट कार्डाचं देणं दुसऱ्या कार्डाने भरणं चालू होतं.

"बाबा, आणखी एक हिशेब बघाल?"

लेक स्वयंपाकघरात भांडी लावत होती. तिचा आवाज थांबला. मी चष्मा पुसला आणि वही जवळ ओढली.