चित्रांत उरलेली नदी

सोलापूर–विजयपूर मार्गावरील मंद्रूप हे गाव सीना आणि भीमा या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात वसले आहे. याच तालुक्यात हत्तरसंग-कुडल येथे दोन्ही नद्यांचा संगम होतो. दोनशे वर्षांपूर्वी या पाण्यात कोणते जीव नांदत होते, हे सांगणारा आज कोणी हयात नाही. चित्रे मात्र उरली आहेत. जुन्या चित्रांतील जलचर ओळखून त्या काळच्या नद्या-समुद्रांचे जीवन जाणून घेण्याची अभ्यासपद्धती आता रूढ होत आहे. जुने चित्र वाचण्यासाठी एकाही जीवाला नव्याने दुखवावे लागत नाही, हा तिचा विशेष.

परंतु प्रत्येक चित्राची साक्ष सारखी नसते. तमिळनाडूतील सित्तन्नवासल येथील जैन गुंफेच्या छतावर कमलसरोवराचे विख्यात चित्र आहे. त्यात मासे आहेत, पक्षी, हत्ती आणि म्हशी आहेत, कमळे खुडणारी माणसेही आहेत. समवसरणातील खातिकाभूमीचे हे दर्शन मानले जाते. चित्रकाराने भरलेले तळे डोळे भरून पाहिले असावे, एवढे त्यावरून समजते. पण भक्तिभावाने रेखाटलेल्या त्या माशाची नेमकी जात सांगणे अवघड आहे.

भीमेच्या खोऱ्याला दुसऱ्या प्रकारची साक्ष लाभली. कंपनी सरकारचे अधिकारी कर्नल विल्यम हेन्री सायक्स यांनी 1824 पासून काही वर्षे दख्खनची पाहणी केली. येथील माशांवरील त्यांचे लेखन 1839 च्या सुमारास लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेकडून प्रसिद्ध झाले. त्यात चाळीसहून अधिक जातींची वर्णने होती आणि पुढे त्यांतील अनेकांची चित्रेही छापली गेली. सायक्स यांनी मच्छीमारांच्या तोंडची नावेच शास्त्रीय नावांत गुंफली. ‘घोगरा’, ‘खुद्री’, ‘सींघला’ ही नावे त्यामुळे जगभरच्या ग्रंथांत आजही टिकून आहेत. त्यांनी वर्णिलेल्या अनेक जातींचे मूळ नमुने आज उपलब्ध नाहीत. तेथे शब्द आणि रेषा हाच आधार उरतो.

या आधाराचे मोल आजच्या नदीशेजारी ठेवले की कळते. 1980 मध्ये उजनी धरण पूर्ण झाले आणि वाहत्या भीमेचे मोठे जलाशयात रूपांतर झाले. मूळची आफ्रिकेची चिलापी 1952 मध्ये भारतात आली आणि आता उजनीत ती विपुल आहे. सायक्सच्या चित्रांत ती असणे शक्यच नव्हते. उलट, त्यांनी नोंदवलेली ‘सिलोनिया चिल्ड्रेनाय’ ही जात आज आंतरराष्ट्रीय यादीत संकटग्रस्त गणली जाते. जुना खतावणीचा हिशेब नसेल, तर तूट किती आली हे कोणत्याही पेढीला उमगत नाही. नदीचेही तसेच आहे.

अर्थात, चित्रात नाही म्हणून तो जीव नदीत नव्हताच, असे म्हणता येत नाही. चित्रकाराला जे दिसले आणि जे टिपावेसे वाटले, तेवढेच कागदावर येते. म्हणून चित्राची लिखित नोंदींशी पडताळणी करावी लागते.

मंद्रूप परिसरातील जुन्या घरांत नदीघाटांची, यात्रांची, पुराची छायाचित्रे असतील, मंदिरांच्या भांडारांत सचित्र पोथ्या असतील. त्यांच्या नोंदीत स्थळ आणि वर्ष लिहून ठेवले, तर पुढच्या पिढीच्या हाती नदीची एक आणखी खतावणी राहील.