रेल्वे एंजिनांच्या प्रतिकृती, रूपांतर संचाच्या
रेल्वे एंजिनाची लहान प्रमाणातील चालती प्रतिकृती संपूर्णपणे नव्याने न घडविता, कारखान्यात तयार झालेल्या दुसऱ्या एखाद्या प्रतिकृतीचा चाके, दंतचक्रे व विद्युत् चलित्र यांसह खालचा सांगाडा तसाच ठेवून त्यावर इष्ट एंजिनाचे कवच बसविण्यासाठी जो सुट्या भागांचा संच वापरतात, त्यास रूपांतर संच म्हणतात. हौशी कारागिराला सूक्ष्म दंतचक्रे कापणे किंवा चाके अचूक गोलाईत कातणे घरी सहसा साधत नाही. ते काम कारखान्याने आधीच केलेले असते. बाष्पित्र, धुराडे, चालक-कक्ष, पाण्याच्या टाक्या व कठडे असा दिसणारा भागच त्याला उभारावा लागतो. ज्या एंजिनांच्या प्रतिकृती मोठे उत्पादक काढीत नाहीत, त्यांच्या बाबतीत ही पद्धत विशेष उपयोगी पडते आणि भारतीय एंजिनांपैकी बहुतेक या वर्गात मोडतात.

प्रमाण व रुळांमधील अंतर या दोन गोष्टींचा मेळ हा या कामातील मुख्य प्रश्न होय. जगात सर्वाधिक प्रचलित असलेल्या ‘एचओ’ पद्धतीत प्रमाण १ : ८७ व रुळांमधील अंतर १६·५ मिमी. असते. हे अंतर यूरोप-अमेरिकेतील १,४३५ मिमी. प्रमाणित मापाशी जुळते. त्याहून लहान ‘एन’ पद्धतीत रुळांमधील अंतर ९ मिमी. असून प्रमाण यूरोप व अमेरिकेत १ : १६०, तर ब्रिटनमध्ये १ : १४८ धरतात. भारतीय रुंदमापी मार्ग १,६७६ मिमी. रुंदीचा असल्याने १ : ८७ प्रमाणात त्यासाठी सु. १९·३ मिमी. अंतर हवे. तयार सांगाडा १६·५ मिमी.चाच मिळतो.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील मुख्य मार्गाच्या एंजिनांना ही अडचण थेट लागू पडते. श्रीगोंदे, अहमदनगर, राहुरी, बेलापूर, कोपरगाव या बाजूने जाणारा दौंड–मनमाड मार्ग १८७८ मध्ये सुरू झाला व तो रुंदमापी आहे. या मार्गावर धावलेल्या डीझेल एंजिनांपैकी डब्ल्यूडीएम-२ हा वर्ग (पहिले अक्षर रुंदमापी, दुसरे डीझेल व तिसरे मिश्र वाहतूक यांचे निदर्शक) रूपांतरास त्यातल्या त्यात सोयीचा आहे. त्याचा मूळ आराखडा अमेरिकेतील ‘अल्को’ कंपनीचा असून ही एंजिने भारतात १९६२ पासून आली व पुढे वाराणसी येथील कारखान्यात बनू लागली. त्याच्या बोगीतील तीन आसांमधील अंतरे असमान आहेत. अशाच बोग्या अल्कोच्या काही अमेरिकी एंजिनांनाही होत्या व त्यांच्या एचओ प्रतिकृती तयार मिळतात. अशा प्रतिकृतीच्या सांगाड्यावर डब्ल्यूडीएम-२ चे कवच बसविता येते. मूळ एंजिनाची लांबी सु. १७·१ मी. आहे, म्हणजे प्रतिकृती सु. १९७ मिमी. लांब येते. चाकांचा १,०९२ मिमी. व्यास १२·५ मिमी. होतो. बफरांची उंची १,१०५ मिमी. या कमाल मर्यादेवरून १२·७ मिमी. धरतात. ही मापे जुळली, तरी चाके दोन्ही बाजूंस मिळून सु. २·८ मिमी. आत राहतात. बाजूने पाहता हा दोष दिसत नाही. समोरून पाहताच रुंद कवच अरुंद पायांवर उभे असल्याचा भास होतो. काही कारागीर आस बदलून चाके बाहेर सरकवितात. मात्र मग सर्व रूळमार्गही हाताने घालावा लागतो. बहुसंख्य हौशी मंडळी तडजोड पत्करतात आणि ती गैर म्हणता येणार नाही, कारण अन्यथा गाडी चालविण्यास मार्गच उरत नाही.

अरुंदमापी एंजिनांच्या बाबतीत हेच गणित अनपेक्षितपणे अनुकूल होते. त्यासाठी शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील बार्शी लाइट रेल्वेचे उदाहरण घेता येईल. अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांच्या योजनेप्रमाणे हा ७६२ मिमी. रुंदीचा मार्ग १८९७ मध्ये बार्शी रोड (कुर्डुवाडी) ते बार्शी असा सुरू झाला व पुढे पंढरपूर, लातूर आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत पोहोचला. १९५४ मध्ये तो सरकारी मालकीत आला. एकविसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळात त्याचे रुंदमापीत रूपांतर झाले आणि मूळ मार्गावर ती गाडी पाहण्याची संधी संपली. ७६२ मिमी.ला ८७ ने भागले असता ८·७६ मिमी. येतात. एन पद्धतीचे रूळ ९ मिमी.चे असल्याने फरक पाव मिलिमीटरहून कमी राहतो व तो डोळ्यांना जाणवत नाही. त्यामुळे यूरोपातील एखाद्या मोठ्या एंजिनाचा एन सांगाडा बार्शीच्या छोट्या एंजिनाचा पाया होऊ शकतो. त्या सांगाड्यातील ८ मिमी. व्यासाचे चाक एन प्रमाणात १,२८० मिमी. असते. तेच एचओ प्रमाणात ६९६ मिमी. ठरते. बार्शीच्या मार्गावर रूळ हलके (दर मीटरला सु. १५ किग्रॅ.) व आसभार ५ टनांपुरता मर्यादित असल्याने आरंभीच्या एंजिनांना भार वाटून घेण्यासाठी चार जोडआस व त्यांमागे चार लहान चाके दिलेली होती. म्हणून आठ जोडचाकांचा सांगाडा निवडून मागील चाके संचातून जोडावी लागतात. अरुंदमापी एंजिनांत पुष्कळदा चौकट चाकांच्या बाहेर असते. तशा एंजिनाच्या संचात खोटी बाह्य चौकट व आसांच्या टोकांना लावावयाचे भुजादंड पुरविलेले असतात.

कवच ओतीव मिश्रधातूचे, रेझिनाचे किंवा पितळी पत्र्याचे असते. अलीकडे त्रिमितीय मुद्रणानेही ते बनवितात. पितळी पत्र्यावर रासायनिक क्रियेने भागांच्या कडा कोरलेल्या असून घडीच्या रेषा अर्ध्या जाडीपर्यंत खोदलेल्या असतात. पत्रा या रेषांवर दुमडून सांध्यांना आतून डाख देतात. ओतीव मिश्रधातू थोड्या उष्णतेनेही वितळत असल्याने तिच्यासाठी सु. ७०° से.ला वितळणारा खास डाख किंवा एपॉक्सी गोंद वापरतात. नेहमीच्या डाखाने धुराडे डोळ्यांदेखत थेंबात बदलते. कवच बसविण्यापूर्वी सांगाडा नुसताच दोन्ही दिशांनी चालवून पहावा, अन्यथा पुढे दोष सांगाड्यात आहे की जोडणीत, हे कळत नाही. जोडचाके काढावी लागल्यास एका बाजूचे भुजादंड दुसऱ्या बाजूच्या भुजादंडांशी ९०° चा कोन करतील व हा कोन सर्व आसांवर सारखाच राहील, याची दक्षता घेतात. एका आसावर तो थोडा चुकला, तरी संयोगदांडे अडकतात. वीज दोन रुळांमधून चाकांवाटे चलित्रात येत असल्याने धातूचे कवच दोन्ही बाजूंच्या चाकांशी जोडले गेल्यास मंडल संक्षेपित होते. अशा जागी कागद किंवा प्लॅस्टिकचे निरोधन घालतात. रेझिनाचे कवच हलके असते. त्यात चालक चाकांच्या वर शिसे भरले नाही, तर चाके जागीच घसरतात व एंजिन डबे ओढू शकत नाही. शेवटी साबणाने धुऊन, अस्तर रंग देऊन पातळ थरांत रंगकाम करतात. जाड रंगाखाली रिव्हेटांच्या ओळी बुजतात.

महाराष्ट्रात चालत्या प्रतिकृतींचे मोठे प्रदर्शन पुण्यातील कोथरूड भागात पाहावयास मिळते. भाऊसाहेब जोशी यांच्या संग्रहातून उभे राहिलेले हे लघुरेल्वे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी सुरू झाले व त्यातील मांडणी एचओ प्रमाणाची आहे. मात्र विशिष्ट भारतीय एंजिनाचे कवच तयार करू पाहणाऱ्यास मापे शोधावी लागतात ती रेल्वेच्या जुन्या आराखड्यांत, बाजूने घेतलेल्या छायाचित्रांत आणि जतन केलेल्या एंजिनांजवळ टेप घेऊन उभे राहूनच. छायाचित्रात चाकाचा व्यास ठाऊक असल्यास त्याच्या प्रमाणात बाष्पित्राची उंची व टाकीची लांबी काढता येते. छायाचित्र तिरपे असल्यास ही रीत फसते, म्हणून एकाच एंजिनाची दोन-तीन छायाचित्रे ताडून पाहण्याची पद्धत आहे.