परदेशी पाहुणा, झडती आणि कायदा
गिरगावातील खोताच्या वाडीत, लाकडी जिन्यांच्या आणि व्हरांड्यांच्या एखाद्या जुन्या घरात परदेशी पाहुणा पैसे देऊन मुक्कामास राहिला, तर त्याच्या पासपोर्ट-व्हिसाचा तपशील यजमानाला २४ तासांच्या आत परदेशी नागरिक नोंदणी अधिकाऱ्याला कळवावा लागतो. ही नोंद ‘सी फॉर्म’ या नावाने परिचित आहे. मात्र कागदपत्रे पाहणे आणि झडती घेणे, म्हणजे अंगाची किंवा सामानाची तपासणी करणे, या भिन्न बाबी आहेत. अटकेनंतर स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच, सभ्यता कसोशीने पाळून घ्यावी, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ सांगते, आणि संविधानाचा अनुच्छेद २१ केवळ नागरिकालाच नव्हे, तर प्रत्येक व्यक्तीला संरक्षण देत असल्याने परदेशी माणूसही त्याच्या छत्राखाली येतो.

अटक झाल्यास वाणिज्य दूतावासाशी, म्हणजे आपल्या देशाच्या तेथील कचेरीशी, संपर्काचा हक्क १९६३ च्या व्हिएन्ना करारातील अनुच्छेद ३६ देतो. पाकिस्तानने आपल्या अटकेतील भारतीय नागरिक कुलभूषण जाधव यांना हा हक्क नाकारून करारभंग केला, असा निर्णय हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ रोजी दिला. परदेशातील आपल्या माणसासाठी जो न्याय आपण मागतो, तोच वाडीतल्या पाहुण्यालाही मिळाला पाहिजे.