गाठ की जुमार?

देवळा परिसरात चिंच, वड, कडुनिंबाच्या फांद्या छाटायला माणूस अनेकदा एक दोर आणि कोयता घेऊनच वर जातो. तोल गेला तर त्याला धरणारे काही नसते. देवळ्याच्या दक्षिणेला सातमाळा रांगेत सुळके चढणाऱ्या गिर्यारोहकांकडे मात्र यावर दोन उपाय आहेत.

पहिला, ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिक यांनी १९३१ मध्ये मांडलेली गाठ. मुख्य दोराभोवती बारीक दोरीच्या फासाचे तीन वेढे घ्यायचे. वजन पडले की गाठ आवळते, वजन काढले की हाताने सरकते. दोरी मुख्य दोरापेक्षा बारीकच हवी. दोन्ही सारख्याच जाडीचे असले तर पकड भरवशाची राहत नाही. गाठीवरून भरभर घसरत उतरू नये, कारण घर्षणाने नायलॉन तापून वितळू शकते.

दुसरा, १९५८ मधला स्विस बनावटीचा जुमार, म्हणजे दोराला दात्यांनी पकडणारे साधन. तो वर झटकन सरकतो, हात कमी दमतात. पण तो उतरण्यासाठी नाही. ढिल्या दोराला अचानक झटका बसला तर त्याचे दाते दोराचे आवरण फाडतात, चिखल किंवा डिंक अडकला तर पकड सुटते.

शिकणाऱ्याने आधी गाठच शिकावी. ती स्वस्त आहे आणि नीट बसली की नाही हे डोळ्यांना दिसते. फांदी तोडताना स्वतःला झाडाला दोन स्वतंत्र ठिकाणी बांधून घ्या. जवळून विजेची तार जात असेल तर महावितरणकडून पुरवठा बंद करून घेतल्याशिवाय झाडावर चढूच नका.