पसरणीचा घाट : चढताना आणि उतरताना

उन्हाळ्याची सुट्टी लागली की वाईहून पाचगणी-महाबळेश्वरकडे मोटारींची रीघ लागते. कृष्णाकाठ मागे पडतो, पसरणी गाव येते आणि घाट सुरू होतो. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंच, तर पाचगणी सुमारे १,३०० मीटर. एवढा डोंगर सरळ चढायचा म्हटले तर गाडीचा दमच निघेल. म्हणून वळणे घेत घेत रस्ता बारा-एक किलोमीटर लांबवला आहे. वीस पावले पुढे जावे, तेव्हा एक पाऊल वर!

पण चढ नुसता दम काढतो. जिवावर बेततो तो उतार. असे का? सारखा ब्रेक दाबून गाडी उतरवली, तर घासून घासून ब्रेक तापतात. फारच तापले तर त्यांची पकड सुटते. काही गाड्यांत ब्रेकचे तेल उकळून त्यात वाफ धरते. मग पाय खाली जातो, गाडी काही थांबत नाही.

उतारावर बैलगाडी कोण आवरते? बैलच, पाय रोवून. मोटारीत ते काम इंजिनाचे. म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढलो, त्याच गिअरमध्ये उतरावे. तेल वाचेल म्हणून गिअर काढून गाडी सोडणे, म्हणजे उतारावर बैलच सोडून देणे! आणि रस्ता अरुंद असेल तिथे चढत्या गाडीला आधी वाट द्यावी. कायदाही तेच सांगतो.

गुरुजींनी सहलीच्या आदल्या दिवशी मुलांना तळहात एकमेकांवर जोराने घासायला लावावेत. चटका बसला की ब्रेकचे गणित त्यांना आपोआप उमगेल.