तार बसली म्हणजे काम झाले नाही



दर अंकात मी लागण, खोडवा, हुमणी यांवर लिहितो. या वेळी दातांवर लिहितो आहे. शेतकी खात्याच्या माणसाने यात कशाला पडावे, असे कोणी म्हणेल. पण हल्ली गट ऑफिसात येणाऱ्या सभासदांच्या मुलामुलींच्या दातांवर तारा दिसू लागल्या आहेत. माझ्या घरी झालेली चूक तुमच्या घरी होऊ नये, एवढाच हेतू.

माझ्या धाकट्या मुलीला १४ व्या वर्षी तार लावली. पैसे हप्त्याने भरले. तार बसली म्हणजे काम झालं, असं मी धरून चाललो. तेवढ्यात गळीत हंगाम सुरू झाला. तोडणी प्रोग्राम आणि टोळ्यांच्या धावपळीत दवाखान्याच्या दोन तारखा चुकल्या. एक दिवस मुलगी म्हणाली, "अण्णा, ब्रश केला की रक्त येतंय." मी सांगितलं, "मग चार दिवस राहू दे, नुसत्या चुळा भर." चार दिवसांचे तीन आठवडे झाले. हिरड्या सुजून तारेच्या ठोकळ्यांवर आल्या. डॉक्टरीणबाईंनी मलाच विचारलं, "साहेब, उसात तण दिसलं की तुम्ही खुरपणी बंद करता का?" मी काय बोलणार!

त्यांनी मग समजावून दिले ते असे. दातांवर चिकटवलेल्या ठोकळ्यांच्या कडेला आणि तारेखाली अन्न अडकते. त्यावर जंतूंचा चिकट थर धरतो. तो हिरडीलगत राहिला की हिरडी लाल होते, सुजते, रक्त येते. म्हणजे बहुधा रक्त येणे ही सफाई कमी पडल्याची खूण आहे. अशा वेळी ब्रश बंद करायचा नाही, मऊ ब्रशने हलक्या हाताने अधिक नीट घासायचे. आठ-पंधरा दिवसांत फरक पडला नाही, तर डॉक्टरांना दाखवावे.

दुसरे नुकसान उशिरा कळते. हेच जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात. त्याने दाताच्या कठीण आवरणातले क्षार झिजतात आणि ठोकळ्याभोवती खडूसारखे पांढरे डाग पडतात. महिन्याभराची हयगयसुद्धा त्याला पुरते.

तेव्हा पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात :

१) तार लावण्यापूर्वी किडलेले दात भरून घ्यावेत, दात साफ करून घ्यावेत.

२) फ्लोराइड असलेल्या पेस्टने सकाळी व रात्री झोपताना दात घासावेत. जेवणानंतर निदान खळखळून चूळ भरावी. ब्रश तिरका धरून आधी तारेच्या वरची बाजू, मग खालची, मग हिरडीची कड घासावी.

३) तारेखालच्या फटींसाठी बारीक, निमुळता ब्रश मिळतो. तो रोज एकदा फिरवावा.

४) तारेमुळे केस लवकर वाकतात. ब्रश तीन महिन्यांनी, किंवा त्याआधीही, बदलावा.

५) तार गालाला टोचली तर दवाखान्यात मिळणारे मेण लावावे. घरी पक्कडीने तार वाकवू नये.

६) मिश्री कोणीच लावू नये. ती तंबाखूच आहे, हिरड्यांचा नाश करते.

आता आपल्या घरची गोष्ट. तार असेपर्यंत उसाचे कांडे दाताने सोलायचे नाही; ठोकळा निघालाच म्हणून समजा. चिक्की, काकवी, गूळ-शेंगदाणे टाळावेत. रस प्यायचा तर जेवणाबरोबर एकदाच प्यावा आणि पाण्याने चूळ भरावी. साखर कारखान्याच्या पत्रिकेत मी हे लिहितो म्हणून रागावू नका. गोड किती खाल्ले याइतकेच दिवसातून किती वेळा खाल्ले, यालाही महत्त्व आहे.

तार निघाल्यावरही डॉक्टर घालायला देतात ती पट्टी नेमाने वापरावी. नाहीतर दात पुन्हा जागा सोडतात.

माझ्या मुलीची तार निघाली. दात सरळ आले. पण पुढच्या दोन दातांवर पांढरे डाग राहिले आहेत. फोटो काढताना ती ओठ मिटून घेते, तेव्हा मला ते तीन आठवडे आठवतात.

म्हणून हात जोडून विनंती, की तोडणीची तारीख जशी वहीत लिहून ठेवता, तशी मुलाच्या दवाखान्याचीही लिहून ठेवा. हंगामाच्या घाईत ती चुकवू नका.

आपला,
ऊस विकास अधिकारी