मेथी खिडकीकडे का वाकते?

डिसेंबरात धुळ्याचा पारा कधी कधी सहा अंशांच्या आसपास उतरतो. अशा सकाळी पांघरुणातून नाकसुद्धा बाहेर काढवत नाही. मग बागकाम कोण करणार? आपणच, पण घरात बसून!

श्रीखंडाचा रिकामा डबा घ्या. मोठ्यांकडून त्याच्या तळाला दोन-तीन भोकं पाडून घ्या. माती भरा, रात्रभर भिजवलेले मेथीदाणे पसरा, वर चिमूटचिमूट माती भुरभुरा आणि पाणी शिंपडा. डबा स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवा. मेथीला थंडी मानवते. आठ-दहा दिवसांत पाहाल, तर सगळी रोपं खिडकीकडे वाकलेली! जणू बाहेरून वरात चालली आहे.

रोपांना डोळे नाहीत. मग उजेड कुठे आहे हे त्यांना कळलं कसं?

हाच प्रश्न चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांना पडला होता. त्यांनी एका गवताच्या कोवळ्या कोंबांना चक्क टोप्या घातल्या. शेंडा झाकला आणि कोंब वाकेनात! म्हणजे उजेड ओळखतो तो शेंडा. पण वाकतो खालचा भाग. मग शेंड्याचा निरोप खाली नेतं कोण? १८८० साली त्यांनी हे सगळं पुस्तकात मांडलं. तो निरोप्या मात्र पुढच्या शास्त्रज्ञांना सापडला. त्याचं नाव ऑक्झिन. उजेड एका बाजूने आला, की ऑक्झिन सावलीच्या बाजूला जास्त जमतं. तिथल्या पेशी जास्त लांबतात. एक बाजू लांब, दुसरी आखूड. मग कोंब वाकणारच!

घरातली आणखी एक बाग पाहायला आता चला जळगावला, केळीच्या गावाला. खायच्या केळ्यात पेरण्याजोगं बी नसतं; असतात ते नुसते काळे ठिपके. म्हणून शेतकरी पूर्वीपासून केळीचे कंद लावत आले. आता बरेच जण टिश्यूकल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत बाटलीत वाढवलेली रोपं लावतात. जळगावच्या जैन इरिगेशनच्या प्रयोगशाळेत ग्रँड नैन जातीची अशी रोपं तयार होतात. ही बागसुद्धा घरातलीच! काचेच्या बाटलीत माती नसते. समुद्री शेवाळापासून केलेली जेली असते. तिच्यात साखर आणि क्षार. असा गोड खाऊ बुरशीलाही आवडतो, म्हणून सगळं निर्जंतुक ठेवावं लागतं. खोलीत साधारण २५ अंशांची ऊब आणि दिव्यांचा उजेड असतो. बाहेर थंडीने केळीची वाढ मंदावलेली असली, तरी बाटलीतली पिल्लं मजेत वाढतात.

जेलीतलं एक रसायन एका कोंबाचे अनेक कोंब करतं. मग त्यांना मुळं फुटावीत म्हणून काय देतात, ओळखा पाहू? ऑक्झिन! तुमची मेथी वाकवणारं हेच ऑक्झिनचं कुटुंब केळीला पाय फुटवतं.

पण बाटलीतल्या लाडोबांना बाहेरचं कोरडं वारं सोसत नाही. म्हणून आधी हरितगृहात, मग शेडनेटमध्ये काही आठवडे त्यांना सवय लावतात. तेव्हा कुठे ती शेतात जातात.

आता डब्याकडे वळा. मेथी पुरती खिडकीकडे वाकली, की डबा उलटा फिरवा, तिची पाठ खिडकीकडे येईल असा. एक-दोन दिवस वाट पाहा. सावलीची बाजू बदलली; आता ऑक्झिन कुठे जमेल?

उत्तर मेथीच देईल. त्यानंतर तिचं काय करायचं, ते आजीला विचारा. भाकरी तव्यावर असेलच!